खाजगी कंपनीतून सरकारी सुरक्षा प्रशिक्षणाला: माझे सात महिने

मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका छोट्या कंपनीत क्वालिटी आणि कागदपत्रांचं काम बघते. आम्ही पासष्ट जण. लेथ, सीएनसी, थोडं ग्राइंडिंग. आमचे काही पार्ट एका मोठ्या कंपनीकडे जातात, आणि तिथून पुढे संरक्षण खात्याच्या कामात. डिसेंबरमध्ये मी केंद्र सरकारच्या एका संस्थेत औद्योगिक सुरक्षेचं बारा दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेऊन आले. जायच्या आधी मला खूप माहिती हवी होती आणि कुठंच मिळत नव्हती, म्हणून सगळं तारखेवार लिहून ठेवते आहे. संस्थेचं आणि कोर्सचं नाव लिहिणार नाही. तसं लेखी देऊन आले आहे, आणि ते मला पाळायचं आहे.

सुरुवात ७ मे २०२५ ला झाली. त्या दिवशी देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल होतं आणि २४४ जिल्ह्यांच्या यादीत आमच्या शहराचंही नाव होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याच गप्पा मारत होते. एका ऑपरेटरनं मला विचारलं, "मॅडम, भोंगा वाजला तर आपण कुठं जायचं?" मी सुपरवायझरकडे बघितलं, सुपरवायझरनं स्टोअरवाल्याकडे. कुणालाच सांगता येईना. गेटवरचे काका म्हणाले, मी गेट लावून घेतो. एवढंच आमचं नियोजन होतं. मला फार अपराधी वाटलं, कारण आग विझवण्याच्या नळकांड्यांच्या तारखा, रजिस्टरं, सगळं माझ्याच टेबलावर असतं.

२४ जूनला मोठ्या कंपनीकडून पत्र आलं. पुढच्या ऑडिटला प्रत्येक पुरवठादाराकडे सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस हवा. ही अट त्यांच्या मनातली नव्हती. केंद्राच्या संरक्षण उत्पादन विभागानं, संरक्षणाचं सामान बनवायचा परवाना असलेल्या खाजगी कारखान्यांसाठी २०१४ मध्ये सुरक्षा नियमावली काढली. त्यात उत्पादनांचे तीन गट आहेत आणि गटाप्रमाणे कुंपण, प्रवेश, कागद, संगणक यांचे नियम आहेत. आमच्याकडे तो परवाना नाही, पण परवाना असणाऱ्याचं काम आम्ही करतो, म्हणून अट झिरपत आमच्यापर्यंत आली. सरांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही बघता का हे?" मी हो म्हणाले. घरी येईपर्यंत छातीत धडधडत होतं.

आता असं प्रशिक्षण शोधायचं कुठं? दोन आठवडे रोज रात्री मुलगी झोपली की लॅपटॉप घेऊन बसायचे. राष्ट्रीय सुरक्षेचं शिक्षण म्हटलं की आधी दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज येतं. ते १९६० पासून आहे, कोर्स ४७ आठवड्यांचा आणि ब्रिगेडियर दर्जाचे, सचिवालयातले वरिष्ठ अधिकारी त्याला जातात. आपला तिथं संबंध नाही. मग 'सायबर सुरक्षित भारत' सापडलं. २०१८ चा उपक्रम, त्यात शिकवायला खाजगी कंपन्यांचे तज्ज्ञ येतात, पण बाकावर बसायला मंत्रालयं, सरकारी उपक्रम, बँका यांची माणसं. तिथंही माझ्यासारखीला जागा नव्हती. त्या रात्री मी खरंच खट्टू झाले.

पण दारं अगदीच बंद नाहीत, हे हळूहळू कळत गेलं. गांधीनगरजवळ लवाडला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. २०२० च्या कायद्यानं ते केंद्रीय गृह मंत्रालयाखाली आलं आणि तिथं खाजगी, औद्योगिक आणि कॉर्पोरेट सुरक्षेसाठी वेगळा विभागच आहे. ज्यांना पदवी-पदविका करायची आहे त्यांनी ते आधी बघा. संगणकाची बाजू शिकायची असेल तर आपल्याच शहरात विद्यापीठाच्या आवारात नाइलिट ही संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी संस्था आहे, तीही केंद्र सरकारचीच. मला मात्र कमी दिवसांचं आणि कारखान्याच्या कामाचं हवं होतं. ते अखेर हैदराबादच्या बाजूच्या एका संस्थेत मिळालं. परिपत्रकात खालच्या बाजूला एक ओळ होती: जागा उरल्यास खाजगी उद्योगांनी पाठवलेल्या उमेदवारांचा विचार केला जाईल. मी ती ओळ तीनदा वाचली.

९ जुलैला ऑनलाइन फॉर्म भरायला बसले आणि जिल्ह्यापाशी अडकले. यादीत फक्त 'औरंगाबाद'. माझ्या आधारवर 'छत्रपती संभाजीनगर'. कंपनीच्या जीएसटी दाखल्यावर एक नाव, लाइट बिलावर दुसरं. शहराचं नाव बदलायला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली, जिल्ह्याचं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बदललं, पण सगळ्या यंत्रणांत ते एकाच वेळी पोचलेलं नाही. मी यादीतलं जुनं नाव निवडलं आणि शेवटच्या 'इतर माहिती'च्या चौकटीत लिहिलं की दोन्ही नावं एकाच जिल्ह्याची आहेत, सोबत राजपत्राची प्रत जोडली आहे. ही प्रत पीडीएफ करून फोनमध्ये ठेवाच. मला पुढं आणखी तीन ठिकाणी ती दाखवावी लागली.

महिनाभर काही उत्तर नाही. १८ ऑगस्टला मेल आला: अर्ज अपूर्ण. शिफारसपत्र कंपनीच्या लेटरहेडवर, संचालकाच्या सहीनं हवं (मी एचआरची सही घेतली होती), नोकरीला तीन वर्षं झाल्याचा पुरावा हवा, आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला हवा. दोन कागद त्याच दिवशी झाले. नोकरीच्या पुराव्याला पीएफचं पासबुक चाललं. दाखल्याला मात्र जवळजवळ दोन महिने गेले, आणि त्यात चूक माझ्याच कागदांची होती.

माझ्या दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव आहे, पदवीवरही तेच. आधार, पॅन आणि बँक सासरच्या नावानं. २१ ऑगस्टला ऑनलाइन अर्ज केला, आठवड्यानं ठाण्यातून फोन आला. तिथले हवालदार कागद पुढं-मागं करत म्हणाले, "ताई, हे नाव एक अन् ते नाव एक. मी कुणाची पडताळणी करू?" माणूस चांगला होता. त्यांनीच सांगितलं की विवाह नोंदणीचा दाखला आणा, काम होऊन जाईल. आमची नोंदणी झालेलीच नव्हती. लग्नाला चौदा वर्षं झाली, पत्रिका आणि फोटो आहेत, पण दाखला नाही. मग आधी ती नोंदणी. नवरा, मी, तीन साक्षीदार, लग्न लावलेल्या गुरुजींची सही. गुरुजी पैठणला राहतात, तर एक रविवार त्यात गेला. बायांनो, नोकरी करत असाल-नसाल, विवाह नोंदणी करून ठेवा. ऐन वेळी करायला गेलं की फार पळापळ होते.

दाखला घेऊन पुन्हा ठाण्यात गेले तोवर सप्टेंबरचा शेवट आला होता आणि पावसानं मराठवाड्याची दैना केली होती. जायकवाडीतून पाणी सोडलं, गोदाकाठच्या गावांतून माणसं हलवत होते. ठाण्यातले बरेच जण बंदोबस्तावर. माझा कागद मागं राहिला याचं मला वाईट वाटलं नाही, त्या दिवसांत त्याहून महत्त्वाची कामं होती. माझ्या माहेरी गेवराईकडं कापूस पाण्यात उभा होता, मीही दोन दिवस तिकडंच होते. १४ ऑक्टोबरला दाखला हातात आला.

दिवाळीच्या आधी उरलेलं उरकलं. सरकारी डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला एका सकाळीत झाला. कंपनीशी करार मात्र सोपा गेला नाही. फी कंपनी भरणार होती, म्हणून सरांना दोन वर्षं नोकरी न सोडण्याचं बंधपत्र हवं होतं. मी घरी बोलले, दोन दिवस विचार केला आणि सरांना शांतपणे सांगितलं की बारा दिवसांच्या कोर्सला दोन वर्षं जास्त होतात, एक वर्ष लिहू. ते कबूल झाले. मागायला संकोच करू नका, सही करण्याआधीच बोलायचं असतं. मुद्रांक आता किमान पाचशेचा लागतो, पूर्वीचा शंभरचा चालत नाही. शिवाय नोटरीचे दोनशे.

३ नोव्हेंबरला निवड झाल्याचा मेल आला. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "तू काय बंदूक चालवायला जायलीस का?" मी सांगितलं, कागद सांभाळायला शिकायला जातेय. त्या म्हणाल्या, "मग जा. लेकराचं मी बघते." त्या दोन वाक्यांवर माझं पुढचं सगळं उभं राहिलं. नवऱ्याची पाळी बदलती असते, त्या नसत्या तर मी जाऊच शकले नसते.

२९ नोव्हेंबरला रात्री अजिंठा एक्सप्रेसनं निघाले. जालना, परभणी, नांदेड करत सकाळी हैदराबाद. आमच्या भागातल्या माणसाला हे शहर परकं वाटत नाही. माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला उर्दूत आहे, आणि स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं "किधर को जाना अम्मा" म्हटलं तेव्हा मला घरचंच कुणी बोलतंय असं वाटलं.

गेटवर फोन, घड्याळ, पेनड्राइव्ह, सगळं जमा. फोन रोज संध्याकाळी सहा ते आठ परत मिळायचा. हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी घरचे घाबरतात. खोली दोघींत एक, मेसचे रोजचे तीनशे. चौतीस जणांची तुकडी, त्यात आम्ही खाजगीतले नऊ, बाया सहा. बाकी निमलष्करी दलांचे, सरकारी कारखान्यांचे, विमानतळांचे. पहिल्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर उभं राहिले तेव्हा आजूबाजूला सगळे ताठ, बूट चकचकीत, आणि मी पंजाबी ड्रेसवर स्वेटर घालून. भीती वाटली. इथं आपण चुकून आलोय असं वाटलं. तिसऱ्या दिवसापर्यंत ते गेलं, कारण वर्गात सगळ्यांना सारखंच कळत नव्हतं आणि सगळेच विचारत होते. (साधे बूट आणि ट्रॅकपॅन्ट आधीच घेऊन जा. मी तिथं जाऊन घेतले.)

आत जे शिकवलं त्यातलं जे जाहीर आहे तेवढंच लिहिते. २६/११ नंतर २००९ मध्ये कायदा बदलला आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल खाजगी कंपन्यांनाही, पैसे भरून, घेता येऊ लागलं. खाजगी सुरक्षा एजन्सीचा कायदा २००५ चा आहे, त्याखालच्या नमुना नियमांत रखवालदाराला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष. मला आमचे गेटवरचे काका आठवले. त्यांना कुणी एक तास तरी शिकवलं असेल का? संगणकावर हल्ला झाला तर कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे संगणकानं आपोआप ठेवलेल्या नोंदी, जपून ठेवायचे, हा २८ एप्रिल २०२२ चा आदेश छोट्या कंपन्यांनाही लागू आहे. लघुउद्योगांना तेव्हा २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. ती संपून तीन वर्षं झाली होती आणि मला हे त्या वर्गात पहिल्यांदा कळलं. २०१७ च्या जूनमध्ये परदेशात सुटलेल्या व्हायरसनं न्हावाशेव्यातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं, हेही तिथंच नीट समजलं. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या भांडणाची झळ आपल्या बंदरातल्या कंटेनरला लागते.

पण मला आयुष्यभर लक्षात राहील तो सातवा दिवस. प्रशिक्षकांनी प्रत्येकाला एक मोठा कागद दिला आणि सांगितलं, तुमच्या कंपनीतला एक महत्त्वाचा कागद घ्या आणि तो कुणाकुणाच्या हातातून जातो ते काढा. खरं काढा, नियमात लिहिलंय ते नको. मी एका पार्टचं ड्रॉइंग घेतलं. मोठ्या कंपनीकडून मेल येतो. मी डाउनलोड करते, तो लॅपटॉपवर राहतो. प्रिंट निघते, एक बिघडते, ती रद्दीत जाते. चांगली प्रिंट शॉपफ्लोअरला. ऑपरेटर अंधुक उजेडात आकडे दिसत नाहीत म्हणून मोबाइलवर फोटो काढतो आणि मोठा करून बघतो. तो फोटो रात्रपाळीच्या ग्रुपवर जातो. पार्ट भट्टीत तापवून देणाऱ्या बाहेरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला आम्ही ड्रॉइंग व्हॉट्सॲप करतो. तो त्याच्या भाच्याला पाठवतो, कारण भट्टी भाचा बघतो. शिवाय सगळ्यांच्या फोनचा बॅकअप. मी मोजलं, अकरा जागा. त्यातल्या दोन आमच्या ताब्यात, नऊ नाहीत.

काढताना माझे कान गरम झाले होते. चूक कुणी मुद्दाम केली नव्हती. ऑपरेटरला काम बरोबर करायचं होतं, म्हणूनच त्यानं फोटो काढला. उभं राहून हे सगळं सांगितलं तेव्हा वर्ग शांत होता. मग एका सरकारी कारखान्यातले अधिकारी उठले. म्हणाले, ड्रॉइंगवर आम्ही गोपनीय असा शिक्का मारतो, कुलूपबंद कपाटात ठेवतो, नोंद करतो, आणि मोठ्या कंपनीला दिलं की आमची फाइल बंद होते. त्यापुढं ते कुठं जातं हे आज पहिल्यांदा बघतोय. त्यांनी माझ्या कागदावरची नावं, म्हणजे कामांची नावं, वहीत उतरवून घेतली.

त्या क्षणी मला कळलं की आमच्यासारख्यांना तिथं बसवणं ही मेहेरबानी नाही. आम्ही त्या खोलीत नसलो तर साखळीचा शेवटचा भाग त्यांना दिसतच नाही, आणि आम्हाला सुरुवातीचा. अमेरिकेत संरक्षणाच्या कामातल्या खाजगी कंपन्यांच्या माणसांना त्यांच्या राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठात घेता यावं म्हणून कायद्यातच तरतूद आहे. आपल्याकडे अजून ते परिपत्रकाच्या खालच्या ओळीवर आणि उरलेल्या जागांवर चाललंय. संरक्षणाची कामं खाजगीकडे येत राहणार असतील तर ही ओळ वर यायला हवी, आणि फी भरण्याची ऐपत नसलेल्या पाच-दहा माणसांच्या कारखान्यांसाठीही काही जागा राखायला हव्यात. हे मी शेवटच्या दिवशीच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून आले.

११ डिसेंबरला लेखी परीक्षा, १२ ला प्रमाणपत्र. परीक्षा अवघड नव्हती, रोजच्या नोंदी वाचल्या तरी होते. उत्तरं इंग्रजी किंवा हिंदीत लिहायची सोय होती, मी हिंदीत लिहिली.

खर्चाचं सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. कोर्सची फी सोडून माझे आठ हजारांच्या आसपास गेले: मुद्रांक-नोटरीचे सातशे, पोलीस दाखला, झेरॉक्स, फोटो मिळून सहाशे, डॉक्टरचे शंभर, रेल्वेचे येऊन-जाऊन साडेसातशे, रिक्षाचे नऊशे, मेसचे छत्तीसशे, बूट-कपड्यांचे चौदाशे. मेसचे पैसे कंपनीनं पावती दिल्यावर जानेवारीत परत केले. पावती मागून घ्या. बारा दिवस ड्युटी धरायची की रजा, हेही आधी लेखी घ्या. माझे चार दिवस रजेत गेले होते, नंतर बोलून फिरवून घेतले.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते उजेडाचं. शॉपफ्लोअरवर प्रत्येक मशीनशेजारी दिवा आणि ड्रॉइंग मोठ्या अक्षरात, ए-३ कागदावर. फोटो काढायची गरजच गेली. प्रत्येक प्रतीला नंबर, रजिस्टरमध्ये सही, काम झालं की परत, बिघडलेली प्रिंट माझ्यासमोर फाडायची. गेटच्या काकांना आठवड्यातून दोन तास मी शिकवते. भोंगा वाजला तर कुणी कुठं जमायचं याची पाटी गेटपाशीच लावली आहे.

हीट ट्रीटमेंटवाले मात्र सुरुवातीला नाराज झाले. "मॅडम, वीस वर्षं झाली, कधी काय झालं का?" मी स्वतः चिकलठाण्याला गेले, भट्टीजवळ बसून त्यांना माझा तो अकरा जागांचा कागद पुन्हा काढून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. भाच्यानं तिथंच फोन काढला आणि आमची जुनी ड्रॉइंगं एक-एक करून डिलीट केली. दोनशेच्या वर होती.

आता तो भाचा दर मंगळवारी ड्रॉइंग न्यायला येतो. फोन गेटवरच्या ट्रेमध्ये ठेवतो, सही करतो, नंबर दोनदा तपासतो. गेल्या वेळी जाता जाता थांबून म्हणाला, "ताई, मला पण घेतील का त्या कोर्सला? मी बारावी झालोय." अटींत पदवी लिहिलेली आहे. मी त्याच संध्याकाळी संस्थेला मेल केला, त्याच्या कामाचं स्वरूप सविस्तर लिहिलं आणि पदवीच्या जागी दहा वर्षांचा अनुभव धरता येईल का विचारलं. आज अकरा दिवस झाले. दाखल्याला वेळ लागतो म्हणून त्याचा पोलीस पडताळणीचा अर्ज मात्र आम्ही परवाच भरून टाकला. त्याच्या सगळ्या कागदांवर नाव एकच आहे.